मंगळवारी धंतोलीत जायचंय

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, रागावू नका. धंतोलीतल्या पोटाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आहे, एन्डोस्कोपीसाठी, म्हणजे घशातून नळी घालून पोटात बघायला. मी सोमवारी संध्याकाळीच पोचते. आधी विचारलं असतं तर "पित्ताचं अविपत्तिकर चूर्ण सुरू आहे ना बाप्पा" म्हणून तुम्ही फोन आईकडे दिला असता.

तुमच्या औषधांवर माझा राग नाही. ओव्यानं पोट हलकं होतं, आल्यानं मळमळ बसते, मीही घेते. लहानपणी पोट दुखलं की आई बेंबीभोवती हिंग लावायची आणि ते वाळायच्या आत मला झोप लागायची. पण परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक दिसलं. साठी उलटल्यावर अपचन हटत नाही आणि वजनही उतरतंय, म्हणजे एकदा आत बघायलाच हवं. बहुतेक साधंच काही निघेल. मग तुम्ही आणि तुमचे वैद्य, मी मधे पडणार नाही.

पोटात अल्सर करणाऱ्या जंतूचं, हेलिकोबॅक्टर पायलोरीचं, तर तुमच्यासारख्या विज्ञानाच्या मास्तरांना मी काय सांगू! बॅरी मार्शलनं १९८४ मध्ये ते जंतू स्वतः पिऊन दाखवले, २००५ मध्ये नोबेल मिळालं. ते निघाले तर चूर्णानं जात नाहीत, अँटिबायोटिकचा कोर्स लागतो.

त्रास फार नसतो. घशात फवारा मारतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. घसा पूर्ववत झाला की घरी येऊन आईच्या हातचा चहा, कूलरसमोर तुमची खुर्ची. उन्हात रिक्षा शोधायची नाही, गाडी सांगितली आहे.

ज्येष्ठमधाचा काढा मात्र आजपासून बंद. त्यानं बीपी वाढतं, आणि तुम्ही बीपीची गोळी घेता. येता-जाता खायचा सोडाही नको, त्यात मिठासारखंच सोडियम. गुडघ्याची गोळीही डॉक्टरांना दाखवा, असल्या गोळ्यांनी पोटात अल्सर होतो. पित्तावरच्या त्या आयुर्वेदिक सूतशेखरात पारा असतो, तेही सांगायचं, लपवायचं नाही. आई, सगळ्या पुड्या-डब्या एका पिशवीत भरून ठेव. शौचाला काळं झालं किंवा घास अडकला, तर मंगळवारची वाट बघू नका, लगेच दवाखाना आणि मग मला फोन.

रविवारी पाटोडी-रस्सा करू नकोस गं, त्यांनी कितीही तोंड पाडलं तरी. सोमवारी जेवण आठच्या आत. नंतर काही नाही, पाण्याचं दवाखान्यातून विचारून सांगते. आणि मंगळवारी त्यांच्याबरोबर तूही उपाशी बसशील, मला माहीत आहे. बसायचं नाही.

तुमची,
चिमी