चौदाव्या दिवसाचा अहवाल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपली भेट दोनदाच झाली, तीही प्रयोगशाळेच्या काउंटरपाशी, त्यामुळे मी आपल्याला आठवत असेनच असे नाही. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसांत घट्ट कफ साठवणारा आनुवंशिक आजार, असलेल्या माझ्या ११ वर्षांच्या मुलीच्या थुंकीचा नमुना घेऊन मी आले होते. त्याआधी एका दवाखान्यात थुंकीत एएफबी (विशिष्ट रंग धरून ठेवणारे जंतू, ज्यांत क्षयाचा जंतूही येतो) दिसताच क्षयाचे निदान झाले होते आणि ५ महिने गोळ्या घेऊनही तिचे वजन घटतच होते. खोकला आणि एएफबी म्हणजे क्षय, हे गणित आपल्याकडे इतके पक्के आहे की आम्हीही दुसरी शंका घेतली नाही.

आपण ती घेतलीत. क्षयाच्या जंतूला वाढायला कित्येक आठवडे लागतात आणि हा पाचव्याच दिवशी उगवला, हे आपण मला बंद प्लेट उजेडात धरून दाखवलेत. तिच्यावरचे पांढुरके, खरबरीत ठिपके अजून डोळ्यांसमोर आहेत. तो मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस निघाला. सिस्टिक फायब्रोसिसमधला घट्ट, चिकट कफ त्याला आयते घर देतो आणि क्षयाच्या नेहमीच्या औषधांना तो मुळातच दाद देत नाही.

पण हे पत्र लिहिण्याचे कारण त्यापुढचे आहे. औषधांच्या चाचणीत तिसऱ्या दिवशी क्लॅरिथ्रोमायसिनपुढे 'एस' आला, म्हणजे औषध लागू पडते असा. मी तेवढ्यावरच आनंदाने निघाले होते. आपण त्या कागदावर 'प्राथमिक' असे हाताने लिहून दिलेत आणि ट्रे १४ दिवस ठेवलात, कारण या जंतूच्या अनेक वाणांमध्ये असे एक जनुक असते की औषधाशी गाठ पडल्यावरच ते जागे होते आणि औषध हळूहळू निकामी ठरते. चौदाव्या दिवशी 'एस'चा 'आर' झाला, म्हणजे औषध लागू पडत नाही असा. आमच्या डॉक्टरांनी त्या औषधावर भिस्त न ठेवता अ‍ॅमिकासिन, इमिपेनेम आणि एरवी कुष्ठरोगावर दिले जाणारे क्लोफाझिमिन अशी जोडणी केली. अ‍ॅमिकासिनमुळे कानांची तपासणी वारंवार करावी लागली, इंजेक्शनांचे महिने कठीण गेले. परंतु गेल्या तिन्ही नमुन्यांत काही उगवलेले नाही.

त्या दिवशी रडकुंडीला आलेल्या मला आपण दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या वांग्याची हकिकत सांगितली होती. २०१० साली तिथल्या कुजक्या वांग्यावर सापडलेला जंतुभक्षक विषाणू, आणखी दोन विषाणूंच्या जोडीने, २०१८ साली लंडनमध्ये याच आजाराच्या १५ वर्षांच्या मुलीला याच जंतूविरुद्ध दिला गेला आणि ती सुधारली. तो उपचार सर्रास मिळत नाही, हेही आपण लगेच सांगितलेत, ते बरे केलेत. मी ती हकिकत घरी सांगितल्यापासून भाजीच्या टोपलीत एखादे वांगे नासले, की मुलगी ते फेकू देत नाही. म्हणते, "आई, हे मॅडमना पाठवू या."

आपली कृतज्ञ,
एक आई