बावीस जणी, एक साडी

फोंडा, मंगळवार

प्रिय सुले,

चार महिने पत्र नाही, शिव्या घाल. माझा गुडघा आहे तसाच.

तुमच्या महाराष्ट्रात 2024 च्या मार्चमध्ये शिक्षकांच्या पेहरावाचा शासन निर्णय निघाला, जीन्स-टीशर्ट बंद, नावाआधी 'टि' म्हणजे टीचर लावा, तेव्हा 'टि. सुलभा' म्हणून तुला किती छळलं मी! फेड चालू आहे. आमच्या व्यवस्थापनाने जूनपासून 22 जणींना एकसारखी साडी ठरवलीय, पैसे आमचेच, आणि निवड समितीत मी.

नमुना आला तो पॉलिएस्टर जॉर्जेटचा. इस्त्री नको, पावसात पटकन वाळते, सगळं खरं. पण घाम शोषत नाही गो. फळ्याकडे वळलं की पाठीला चिकटलेली साडी मागचा अख्खा वर्ग बघतो. निव्वळ सुती म्हणावं, तर श्रावणात दोन-दोन दिवस ओली. पेजेची खळ घातलेली साडी दमट कपाटात ठेवली की बुरशीचे काळे ठिपके, ते जन्मात निघत नाहीत. म्हणून मी मिश्र धाग्याची सांगितली, मधल्या रंगाची, बारीक छापाची. खडूचा हात कमरेला पुसला तरी लपतो. (डी.एड.ला माझी निळी साडी नेसून पाठ घेतलास नि हात तिलाच पुसलास, विसरले नाहीये.)

घ्यायच्या 25 जोड्या, एकाच लॉटच्या. पुढच्या वर्षी नवी टीचर आली की तीच छटा मिळत नाही, मग ती बिचारी फोटोत वेगळी उठून दिसते. प्रत्येकीला दोन, एक दोरीवर असताना दुसरी अंगावर. आणि फॉल भिजवून, वाळवून मगच लावायचा. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो नि काठाला चुण्या पडतात.

एक सदस्य म्हणाले, कुणबी साडी घ्या, आपली संस्कृती! लाल चौकडी देखणीच. पण ती मुळात गुडघ्यापर्यंत, खांद्यावर गाठ मारून, शेतात वाकता यावं म्हणून नेसायची. आम्ही ती घोट्यापर्यंत पिनांनी टाचून प्रार्थनेला उभ्या राहणार.

मला खुपतंय ते वेगळंच. कारण दिलंय, 'शिक्षिकांचा मान वाढेल.' सरांना काहीच नाही. त्यांचा मान पुरेसा असावा! आणि आमची झाडूवाली इतकी वर्षं निळा कोट घालतेय, तिला पालकसुद्धा 'ए' म्हणूनच हाक मारतात. मी हे बैठकीत बोलले. सगळे चहाच्या कपात बघू लागले, मग कोणीतरी पदराच्या लांबीचा विषय काढला.

तुझ्या लेकीचं बारावीचं काय झालं? सासूबाईंचं ऑपरेशन झालं का? चवथीला ये, नेवऱ्या करते.

आणि सावंतवाडीच्या तुझ्या शिंप्याला विचार, 22 जणींचे ब्लाउज एकदम दिले तर अस्तरासकट काय घेईल. कापड 80 सेंटिमीटर आहे. लांब बाह्या त्यात बसत नाहीत, आणि व्यवस्थापनाला नेमक्या त्याच हव्यात.

तुझी,
शैला