प्रशिक्षकाला वेळ द्या

‘निकाल नाही, तर प्रशिक्षक बदला’ असा सूर असलेला लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. तो मुळीच पटला नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलचे प्रशिक्षक रॉड डीडो यांची कारकीर्द नेमके उलटे सांगते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाची धुरा त्यांनी १९४२ ते १९८६ अशी सांभाळली आणि ११ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यातली पाच तर १९७० ते १९७४ अशी सलग. पण पहिले विजेतेपद १९४८चे, तेही सहप्रशिक्षक सॅम बॅरी यांच्या जोडीने, आणि दुसरे थेट १९५८चे! मधली ही दहा वर्षे विद्यापीठाने धीर सोडला असता, तर पुढचा सुवर्णकाळ आलाच नसता. टॉम सीव्हर, रँडी जॉन्सन यांच्यासारखे पुढे नामांकित झालेले गोलंदाज (बेसबॉलच्या भाषेत पिचर) याच संघातून घडले. विद्यापीठात दर काही वर्षांनी खेळाडूंची पिढी बदलते, टिकून राहतो तो प्रशिक्षकच. आपल्या विद्यापीठांनी आणि क्रीडा संघटनांनी प्रशिक्षकांना वर्षावर्षाच्या कंत्राटावर ठेवणे थांबवून निदान पाच वर्षांची मुदत द्यावी.

– एक वाचक, नाशिक