लेझर म्हणजे आग नाही जी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनवर जे आलं त्यात "लेझरने बुबुळ जाळून आकार देतात" असं छापलंय, आणि तेव्हापासून आमच्या इकडे टपरीवर एकच विषय, लेझरनं डोया जयते म्हणे. जयत नाही ना बाप्पा!

त्यात एक्सायमर लेझर वापरतात, 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील. त्याच्या एकेका फोटॉनमध्ये (प्रकाशाच्या कणात) 6.4 इलेक्ट्रॉन व्होल्ट एनर्जी असते, म्हणजे बुबुळातल्या कोलॅजेन या प्रोटीनचे बंध डायरेक्ट तोडायला पुरेशी, आणि हा प्रकाश वरच्यावरच शोषला जातो, खोल जातच नाही. पल्स, म्हणजे लेझरचा एक झटका, काही नॅनोसेकंदांचा, तेवढ्यात वरचा थर तुटून उडतो अन् बरीचशी उष्णताही घेऊन जातो, खाली झिरपायला टाइमच भेटत नाही. तापल्या तव्याले बोट झटकन लावून काढलं तर फोड येते का? एका पल्सला पाव मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास निघतं, बस. 1981 मध्ये अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या लॅबमध्ये रंगास्वामी श्रीनिवासन (आपल्याच देशात जन्मलेले) आणि त्यांच्या सोबत्यांनी थँक्सगिव्हिंग या तिकडच्या सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीच्या (पक्ष्याच्या) मांसावर हे करून पाहिलं, तर कडा काळ्या न पडता साफ खाच पडली.

जळणं पाहिजे असेल तर कार्बन डायऑक्साइड लेझर घ्या. 10,600 नॅनोमीटर, पेशींतलं पाणी तो शोषतो, पाण्याची वाफ होते आणि वाफच मांस उडवते. सलग चालू ठेवला तर कडा करपतात, पण त्यानं रक्त थांबतं म्हणून सर्जनला ते चालतं. 1964 मध्ये तो बनवणारे कुमार पटेल बारामतीत जन्मले, हे छापलं असतं तर शाळेतल्या पोरांनी तरी वाचलं असतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जाळी येते ती याग लेझरनं फाडतात, तो बुबुळातून आरपार जाऊन फक्त फोकसवर ठिणगी पाडतो, धक्क्यानं जाळी फाटते. आणि शिबिराच्या बॅनरवर "लेझरने मोतीबिंदू" बिनधास्त लिहितात, पण मोतीबिंदू काढायची फेको मशीन अल्ट्रासाऊंडवर चालते हो.

म्हणून विनंती, छापताना कोणता लेझर, किती नॅनोमीटर, पल्स की सलग, एवढं डॉक्टरला विचारत जा. आणि डोळ्यात लाल किरण घुसतानाचा तो फोटो नका टाकू, 193 नॅनोमीटर माणसाला दिसतच नाही.

आपला एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ