हरिश्चंद्रगड मोहीम : पहिल्या दिवसाची सूचना

मंडळी, येत्या शनिवारी आपण खिरेश्वरकडून गड चढतोय. बस शिवाजीनगरहून पहाटे ५ ला सुटेल. पावणेपाचला हजर राहा, कोणासाठीही थांबता येणार नाही.

खिरेश्वर, टोलार खिंड, मग रेलिंगचा कातळटप्पा आणि पठारावरून मंदिर अशी वाट आहे. आपल्या चालीने पाच तास धरा. खिंडीपर्यंत वाट ठळक आहे. खरी काळजी पठारावर. तिथे धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि गुरांच्या वाटा हुबेहूब आपल्या वाटेसारख्या वाटतात. गेल्या वर्षी एक जण बुटाची नाडी बांधायला थांबला आणि दोन मिनिटांत चुकला. शिट्टी होती म्हणून सापडला.

म्हणून :
- वाटाड्या गावातलाच आहे. त्याच्या पुढे कोणीही जायचं नाही.
- पुढच्याची सॅक दिसेनाशी झाली तर जागीच थांबा आणि तीन शिट्ट्या द्या. शोधत फिरू नका.
- थांबायचं असेल तर शेवटच्या गड्याला सांगूनच.
- रेलिंग ओलं असतं; एक हात कायम त्यावर, मोबाईल खिशात.

शिट्टी, विजेरी, दोन लिटर पाणी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले कोरडे कपडे हवेतच. छत्री नको.

कोकणकडा शनिवारी नाही. धुक्यात कडा कुठे संपतो ते कळत नाही. रविवारी सकाळी उघडलं तरच जाऊ, तेही वाटाड्या हो म्हणाला तर.

दमा, रक्तदाब किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर गुरुवारपर्यंत मला कळवा. लपवू नका.