करैराची सोनचिरैया

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, जैसलमेरला सोनचिरैयाची, म्हणजे माळढोकाची, एवढी पिल्लं होतायत, तर त्यातली चार आपल्या मध्य प्रदेशातल्या करैराला का नाही आणून सोडत? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

पिल्लं होतायत हे खरं. 2019 पासून इथे जैसलमेरला माळावरची अंडी उचलून सम गावच्या केंद्रात यंत्रात उबवतात. रामदेवरालाही केंद्र झालंय. रामदेवराच्या नराचं वीर्य सुमारे दोनशे किलोमीटरवर समला नेलं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तर त्यातून पिल्लू जन्मलं. ती बातमी ऐकून मला रडू आलं. माळावर हे पक्षी उरलेत दीडशेच्या आसपास, आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते.

पण माणसाच्या हातून खाऊन वाढलेलं पिल्लू ना माणसाला भितं, ना कुत्र्याला ओळखतं. त्याला तसंच सोडणं म्हणजे मारणंच. सोडायची ती त्यांची पुढची पिढी, माणसापासून लांब वाढवलेली.

आणि सोडायची कुठे? करैराला अभयारण्य झालं 1981 मध्ये, तेही बहुतेक शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीवर. खरेदी-विक्री अडली. तुमच्या शाळेतल्या मुलांचे वडील लेकीच्या लग्नाला जमीन विकू शकत नव्हते, हे तुम्हीच सांगायचात. त्यात काळवीट वाढले, पिकं खाऊ लागले आणि लोकांचा सगळा राग त्या गरीब पक्ष्यावर निघाला. नव्वदच्या दशकात तो तिथून गेला; पुढे अभयारण्यही रद्द झालं. माझ्या मते चूक गावकऱ्यांची नव्हती. त्यांना न विचारता रेघ ओढली गेली.

मग गिधाडं कशी सोडली, असं विचाराल. भोपाळजवळ हलालीला एप्रिल 2025 मध्ये सहा सोडली, हे खरं. गिधाडं कशानं मरतात हे कळलं होतं, आणि ज्यानं ती मरतात ते डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध गुरांना द्यायला 2006 मध्येच बंदी आली होती, म्हणून हे धाडस करता आलं. सोनचिरैयाला मारतात त्या विजेच्या तारा. तिला उडताना समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. तारा, मोकाट कुत्री, नांगरलेला माळ हे सगळं तसंच ठेवून पिल्लं आणली, तर ती पुन्हा मरतील.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. दिहायला तलावाच्या आसपास नर कुठल्या पडीत नाचायचे, कुठल्या महिन्यात, तेव्हा तिथे काय पेरलेलं असायचं, आठवेल तसं वहीत लिहा. आई, गवत कापायला येणाऱ्या बायकांशी तुझं बोलणं असायचं. अंडी कुठे दिसायची हे त्या सांगत असतील, तेही बाबांना लिहायला सांग. आणि बाबा, तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांना एवढंच विचारा: पडीक राखायचे पैसे वेळेवर मिळाले आणि जमीन त्यांच्याच नावावर राहिली, तर ते पक्ष्याला जागा देतील का? नाही म्हणाले तरी तसंच कळवा. मी गणपतीत ग्वाल्हेरला, लश्करच्या घरी येते आहे, तेव्हा बाबा, आपण दोघं मिळून करैराला जाऊन त्यांना भेटू.

आईचा गुडघा कसा आहे ते लिहा.

तुमची,
मनू