ओस्लोहून आल्यावर

हॅम्बुर्ग, जूनअखेर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पोचल्याचा मेसेज केला होताच. आई, तीनही दिवस मी नीट जेवले. तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, त्या दीड दिवस पुरल्या. शेवटच्या चार ऑपेरा हाउसच्या छपरावर बसून खाल्ल्या. छपरावर म्हणजे खरंच छपरावर. 2008 साली उघडलेली ही इमारत पाण्यातून वर येणाऱ्या उतारासारखी आहे, पांढऱ्या इटालियन संगमरवरावरून कुणीही चालत माथ्यावर जावं. बाबा, तुमच्या खात्यानं पहिलाच प्रश्न विचारला असता, पावसात माणूस घसरला तर जबाबदार कोण? रात्री साडेदहाला तिथे पेपर वाचता येईल एवढा उजेड होता.

व्हिगेलँडच्या बागेत मात्र बाबा हवे होते. दोनशेच्या वर पुतळे, सगळे एकट्या गुस्ताव्ह व्हिगेलँडचे. 1921 साली ओस्लो नगरपालिकेनं त्याला राहायला आणि काम करायला इमारत देण्याचं कबूल केलं, बदल्यात त्यानं आपलं सगळं काम शहराला दिलं. मधोमध सुमारे 14 मीटरचा एकसंध ग्रॅनाइटचा खांब, त्यावर एकमेकांना बिलगून वर चढणारी 121 माणसं. दहीहंडीचे थर मध्येच दगड झाल्यासारखे. तीन पाथरवट 14 वर्षं त्यावर छिन्नी चालवत होते. दगड समुद्रमार्गे आणला होता, तुम्ही विचारणार म्हणून आधीच सांगते. आणि हो, जवळजवळ सगळे पुतळे नागडे आहेत. म्हणूनच फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले नाहीत, काकांनी सुविचार पाठवले असते.

तिथलं तपकिरी चीज आणलंय. दूध फाटल्यावर उरणारं पाणी साय घालून आटवत आटवत करतात. आई, बासुंदीच्या पातेल्याची खरवड आठव, थोडी खारट केलेली. बाबांना आवडेल, तुला नाही.

आता चित्रांचं. एडवर्ड मुंक या नॉर्वेच्या चित्रकाराची ‘किंकाळी’ बघायला गेले होते, खोटं कशाला बोलू. मुंकच्या नावाच्या तेरा मजली संग्रहालयात तिच्या तीन आवृत्त्या आहेत, पण कागद-पुठ्ठा उजेडानं खराब होतो म्हणून एका वेळी एकच उघडी ठेवतात. मी ज्या दारासमोर उभी होते ते बंदच राहिलं. 1893 ची रंगवलेली आवृत्ती राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहिलंय, हे वेड्या माणसानंच रंगवलेलं असणार. कुणा टवाळानं खरडलं असेल असं बरेच जण धरून चालले होते. 2021 साली तज्ज्ञांनी अक्षर ताडून पाहिलं, ते मुंकचंच निघालं. गर्दीत मान उंचावून मी ती ओळ शोधली, पण चित्रानं मला काही केलं नाही.

केलं ते त्याच संग्रहालयातल्या दुसऱ्या चित्रानं. ‘आजारी मूल’. मुंक पाच वर्षांचा असताना आई क्षयानं गेली, तेरा वर्षांचा असताना मोठी बहीण सोफी, पंधरा वर्षांची, त्याच रोगानं. पुढे चाळीस वर्षांत त्यानं हेच चित्र सहा वेळा रंगवलं. पहिलं 1885-86 चं. जवळ गेलं की रंग खरवडलेला दिसतो, लावला, ओरबाडला, परत लावला. उशीला टेकलेली लाल केसांची मुलगी, आणि तिच्याशेजारी मान खाली घालून बसलेली बाई. ती त्यांना वाढवणारी मावशी म्हणतात. तिचा चेहरा दिसतच नाही, नुसते डोक्यावरचे केस.

सहावीत मला टायफॉइड झाला होता तेव्हाचं मला फार आठवत नाही. मोसंब्याचा वास आठवतो, आणि पलंगाच्या कडेला टेकलेलं तुझं डोकं. भांग अगदी माझ्या हाताजवळ होता. तू झोपली आहेस असं मी धरलं होतं, आणि उठवायचं नाही म्हणून पाणी मागितलं नव्हतं.

आई, तेव्हा तू झोपली होतीस का? फोनवर विचारलं तर तू लगेच ‘जेवलीस का’वर येशील, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही सांगा.

डोळ्यांचे थेंब वेळेवर घाला. चीज दिवाळीला येताना आणते, तोवर फ्रीजमध्ये टिकेल असं दुकानदार म्हणाला.

तुमची,
मोठी